मेथीचा इतिहास आणि शुगरचा हिशेब

आज आपण मेथीबद्दल बोलणार आहोत. मेथी आपल्याला काही नवी नाही. जुडी निवडत गप्पा मारायच्या, पिठलं-भाकरीसोबत कोवळी पानं कच्ची खायची, कैरीच्या मेथांब्यात दाणे टाकायचे, बाळंतिणीला लाडू करून द्यायचे, हे सगळं आपण आईकडून आणि सासूकडून शिकलो. मग मेथीवर वेगळं भाषण कशाला, असं कुणी म्हणेल.

कारण असं की, गेल्या काही वर्षांत गटांच्या बैठकीत मेथीचा विषय वेगळ्याच बाजूने निघायला लागला आहे. हप्ता, कर्ज, व्याज झालं की कुणीतरी विचारतं, "ताई, मेथीने शुगर जाते का हो?" दुसरी म्हणते, "माझ्या जावेने गोळी सोडली, नुसती मेथी घेते." आणि तिसरी म्हणते, "आपण मेथीची पावडर पॅक करून विकू या, पाकिटावर शुगरवर रामबाण असं लिहू या, पटकन खपेल." हे तिन्ही प्रश्न एकाच धाग्यात गुंतलेले आहेत. गुंता सोडवायचा तर आधी मेथीचा इतिहास बघायला हवा. मेथीत गुण आहे हे माणसाला कधी कळलं, तो गुण कुणी मोजला, आणि मोजल्यावर काय हाती आलं, हे कळलं की उत्तरं आपोआप सापडतात.

शुगर हा आता शहरातल्या श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी साधारण १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत, म्हणजे त्यांची साखर वाढलेली आहे पण अजून मधुमेहापर्यंत पोचलेली नाही. आपल्या प्रत्येक गटात दहा-बारा जणी असतात. या आकड्यांत आपल्यातल्याही कुणी ना कुणी असणारच.

जनावरांचा चारा ते राजाची कबर

मेथी माणसाच्या संगतीला फार जुनी आहे. इराकमध्ये टेल हलाल नावाच्या ठिकाणी उत्खननात मेथीचे जळके दाणे सापडले. त्यांचं वय साधारण सहा हजार वर्षं आहे. इजिप्तचा तरुण राजा तुतनखामेन याच्या कबरीत सोन्यानाण्यांबरोबर मेथीचे वाळलेले दाणेही ठेवलेले होते. तो राजा जाऊन आता तेहतीसशे वर्षं झाली.

रोमन लोकांकडे मात्र मेथी मुख्यतः गोठ्यात होती. केटो नावाच्या रोमन माणसाने सव्वीसशे नव्हे, पण एकवीस-बावीसशे वर्षांपूर्वी शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात गुरांच्या चाऱ्यासाठी पेरायच्या पिकांत मेथी येते. रोमन लोक तिला 'ग्रीकांचं गवत' म्हणत. १७५३ साली लिनियस या शास्त्रज्ञाने वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा मेथीच्या नावात हेच 'ग्रीक गवत' कायम राहिलं. आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात त्या लसूणघासाला काही भागांत मेथीघास म्हणतात. ते पीक वेगळं असलं तरी मेथीच्याच कुळातलं आहे. हरभरा, तूर, भुईमूग, सगळे याच शेंगांच्या कुळातले.

आता एक गोष्ट अशी सांगतो की ती ऐकून हसू येईल, पण पुढे तीच कामाला येणार आहे. इसवी सन ६७ मध्ये रोमन सैन्याने आजच्या इस्राएलमधल्या योटापाटा नावाच्या गावाला वेढा घातला. तटावर चढण्यासाठी सैनिकांनी लाकडी फळ्या टाकल्या. आतल्या लोकांनी काय केलं, तर मेथी उकळून ती फळ्यांवर ओतली. फळ्या इतक्या निसरड्या झाल्या की सैनिक घसरून एकमेकांवर पडले. ही हकीकत जोसेफस याने लिहून ठेवली, आणि त्या गावाचं रक्षण तेव्हा तोच करत होता. रात्री भिजत घातलेली मेथी सकाळी हाताला कशी बुळबुळीत लागते, ते आपण रोज बघतो. तो बुळबुळीतपणा लक्षात ठेवा. शुगरच्या बाबतीत मेथीचं अर्धंअधिक काम तोच करतो.

आपल्याकडची मेथी

आपल्या देशात मधुमेह हा आजार फार पूर्वीपासून ओळखीचा. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत त्याचं वर्णन आहे. लघवी मधासारखी गोड होते, म्हणून मधुमेह. लघवीला मुंग्या लागतात ही खूणही आपल्या जुन्या वैद्यांनी टिपलेली होती. त्या काळी रक्त तपासायची सोय नव्हती, तेव्हा मुंगीच तपासनीस होती असं म्हणा ना.

मेथीला संस्कृतात मेथिका म्हणतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात चार बियांचा एक गट सांगितला आहे, त्याला चतुर्बीज म्हणतात: मेथी, अळीव, कलौंजी आणि ओवा. ही यादी ऐकून तुम्हाला काय आठवलं? बाळंतिणीचा डबाच ना? अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू, जेवणानंतर ओवा. पुस्तक वाचता न येणाऱ्या आपल्या आज्यांनी ही परंपरा हातातून हातात पुढे नेली.

आज मेथीदाणा पिकवण्यात आपला देश जगात पुढे आहे, आणि त्यातला मोठा वाटा राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरातचा. आपल्याकडे मेथी जास्त करून भाजी म्हणून पिकते. महिनाभरात जुडी बाजारात जाते, हातात रोख पैसा येतो, म्हणून छोट्या शेतकरी बाईला हे पीक परवडतं.

पण एक गोष्ट नीट समजून घेऊ. आपल्या परंपरेत मेथी चिमटीत मावते. फोडणीला दहा-बारा दाणे, मेतकुटात थोडी, लाडवातही कडू लागेल म्हणून बेतानेच. परंपरेने मेथीचा गुण ओळखला. शुगर खाली यायला ती किती खावी लागते, हे मात्र तराजू आणि रक्ताची तपासणी आल्यावरच कळणार होतं.

तराजू आला

एकोणिसाव्या शतकात युरोपातले रसायनशास्त्रज्ञ एकेक वनस्पती घेऊन तिच्यातून घटक वेगळे काढू लागले. १८८५ साली जर्मनीत मेथीच्या दाण्यातून एक घटक वेगळा केला गेला. मेथीच्या शास्त्रीय नावावरून त्याला ट्रायगोनेलिन हे नाव मिळालं. हाच घटक कॉफीच्या बियांतही असतो.

तरी त्या वेळी मधुमेहावर औषध नव्हतं. ज्या मुलांना लहानपणीच मधुमेह व्हायचा, ती मुलं खंगत जायची. डॉक्टर त्यांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, म्हणजे चार दिवस जास्त जगतील. १९२१ साली कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं काढलं. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी शुद्ध केलेलं दिलं, आणि मुलगा सावरला. आज कुणी सहज म्हणतं, "इन्शुलिन बंद कर, मेथी घे," तेव्हा इन्शुलिनच्या आधी त्या लेकरांचं काय होत होतं ते आठवावं.

शुगरची जी गोळी आपल्यापैकी कितीतरी जणी रोज घेतात, त्या मेटफॉर्मिनची कथा तर आणखी जवळची आहे. "गोळी म्हणजे केमिकल, मेथी म्हणजे नैसर्गिक," असं आपण ऐकतो. पण मेटफॉर्मिनचं मूळही एका झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप असतं, तेही मेथीसारखंच शेंगांच्या कुळातलं. त्यातल्या घटकाने साखर उतरते हे दिसलं, पण तो घटक विषारी होता. अमेरिकेत चारा म्हणून ते झुडूप आणलं, तर जनावरं दगावली. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्याशी मिळताजुळता पण सौम्य घटक शोधला. १९२२ साली मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार झालं, मग कित्येक वर्षं बाजूला पडून राहिलं. १९५७ साली फ्रान्समधल्या झाँ स्टर्न या डॉक्टरांनी ते रुग्णांना देऊन त्याचा उपयोग जगापुढे मांडला. झुडपापासून गोळीपर्यंतचा हा प्रवास मोजमापाचा होता: किती दिलं, साखर किती उतरली, त्रास किती झाला.

मेथी मोजली हैदराबादने

मेथीचं मोजमाप करण्यात मोठं काम आपल्याच देशात झालं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला एका लहानशा प्रयोगशाळेतून सुरू झाली आणि पुढे हैदराबादला आली. तिथल्या शर्मा, रघुराम आणि राव या संशोधकांनी १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांना दहा दिवस मेथीचं जेवण आणि दहा दिवस बिनमेथीचं जेवण दिलं. दोन्ही जेवणांतली ऊर्जा सारखी ठेवली, म्हणजे फरक पडला तर तो मेथीचाच असेल.

मेथी किती दिली? तेल काढून घेतलेली १०० ग्रॅम पूड, रोज. निम्मी दुपारच्या जेवणात, निम्मी रात्रीच्या. परिणाम स्पष्ट दिसला. उपाशीपोटीची साखर उतरली आणि लघवीवाटे दिवसभरात जाणारी साखर ५४ टक्क्यांनी कमी झाली. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉलही उतरलं. पण १०० ग्रॅम म्हणजे केवढी मेथी, विचार करा. पोह्याच्या चमच्याने मोजली तर पंचवीसेक चमचे भरतील. घरात कोण खाईल?

म्हणून त्याच संशोधकांनी पुढे प्रमाण कमी करून पाहिलं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या वयात मधुमेह झालेल्या ६० जणांना रोज २५ ग्रॅम मेथीची पूड २४ आठवडे दिली. त्यातही साखर उतरली. २५ ग्रॅम म्हणजे सहा-सात चहाचे चमचे. हेही काही फोडणीचं प्रमाण नव्हे.

पुढे जगभरातल्या दहा चाचण्या एकत्र तपासून २०१४ साली एक आढावा निघाला. त्यात उपाशीपोटीची साखर सरासरी १७ अंकांनी खाली आलेली दिसली. पण फायदा मुख्यतः मधुमेह असलेल्यांना आणि रोज पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त मेथी घेणाऱ्यांना झाला होता. बऱ्याच चाचण्या पुरेशा काटेकोर नव्हत्या, हेही त्यांनी स्वच्छ नोंदवलं. आता सतरा अंकांचा हिशेब करू. उपाशीपोटी साखर १४० असेल तर ती १२३ वर येईल, चांगलंच आहे. पण ३०० असेल तर २८३ होईल. २८३ वर कुणी गोळी सोडेल का?

उंबरठ्यावरच्या लोकांसाठी मात्र एक उमेद देणारा अभ्यास आहे. आपल्या देशातला हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. साखर थोडी वाढलेल्या १४० जणांपैकी एका गटाला रोज दोनदा जेवणाआधी पाच-पाच ग्रॅम मेथी दिली आणि तीन वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांनी मेथी घेतली नाही, त्यांच्यात मधुमेह होण्याची शक्यता चार पटींहून जास्त निघाली. अभ्यास लहान आहे, पण दिशा दाखवतो.

मेथी पोटात जाऊन करते काय

आता ती निसरडी फळी आठवा. मेथीच्या दाण्यात जवळजवळ निम्मा भाग चोथा असतो, आणि त्यातला बराच पाण्यात फुगून चिकट होणारा. आपण भाकरी किंवा भात खातो, त्याची आतड्यात साखर होते आणि ती रक्तात शिरते. मेथीचा चिकट थर जेवणात मिसळला की ही साखर रक्तात एकदम न जाता हळूहळू जाते. बांधावरून पाणी धो धो वाहण्याऐवजी ठिबकने गेल्यासारखं.

म्हणून मेथी जेवणासोबत किंवा अगदी आधी घ्यायची. आणि म्हणूनच, रात्री दाणे भिजवून सकाळी नुसतं पाणी प्यायचं आणि दाणे उकिरड्यावर टाकायचे, यात तोटा आहे. चोथा मुख्यतः दाण्यातच राहतो. पाणी प्यायलात तर दाणेही चावून खा.

दुसरं कारण एका खास घटकाचं. मेथीच्या दाण्यात एक अमिनो आम्ल सापडतं, त्याची ओळख १९७३ साली पटली. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की साखर वाढलेली असताना हा घटक स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला मदत करतो. हे मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर पाहिलेलं आहे. आणि ज्या रुग्णाच्या स्वादुपिंडात इन्शुलिन बनतच नाही, तिथे मेथी सोडायला लावणार तरी काय? रिकाम्या विहिरीवर मोटर लावून पाणी येत नाही.

तिसरा शब्द आजकाल पाकिटांवर फार दिसतो, अँटिऑक्सिडंट. चिरलेलं वांगं उघडं ठेवलं की काळं पडतं. हवेतल्या प्राणवायूने ते घडतं. पाण्यात टाकलं किंवा लिंबू लावलं की काळं पडायचं थांबतं. आपल्या शरीरातही पेशी काम करताना अशी झीज होत असते, आणि रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती झीज वाढते. डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांना होणाऱ्या त्रासामागे तिचाही हात असतो. ही झीज रोखायला मदत करणाऱ्या घटकांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. मेथीच्या दाण्यात असे घटक आहेत. तमिळनाडूतल्या अण्णामलाई विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ साली मधुमेह झालेल्या उंदरांना मेथी देऊन पाहिली, तेव्हा ही झीज कमी झालेली दिसली. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मेथीतल्या या घटकांनी माणसाचे डोळे किंवा मूत्रपिंड वाचतात, असं त्यावरून म्हणता येत नाही. डोळे आणि मूत्रपिंड वाचवायचा पक्का मार्ग म्हणजे साखर ताब्यात ठेवणं.

सांभाळून

आमच्या गटांतल्या एका मैत्रिणीचं, तिच्या संमतीने, नाव न घेता सांगतो. बाजारातून आणलेल्या एका पाकिटावर भरवसा ठेवून तिने गोळी बंद केली. रोज चमचाभर कडू पूड खाल्ली, म्हणजे आपलं बरं चाललंय असं तिला वाटत राहिलं. तीन महिन्यांनी पायाला लागलेला काटा भरून येईना, तेव्हा तपासलं तर साखर चारशेच्या वर. पाय वाचला, पण दवाखान्याच्या खर्चासाठी शेळ्या विकाव्या लागल्या. मेथीने तिचं वाईट केलं नाही. वाईट झालं ते गोळी बंद केल्याने.

उलटही होतं. गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना कुणी भरपूर मेथी खायला लागली, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब साखर किंवा गूळ तोंडात टाकावा. म्हणून मेथी सुरू करायची असेल तर डॉक्टरांना सांगून करावी. मेथीचा चिकट थर औषधालाही अडवू शकतो, त्यामुळे गोळी आणि मेथी यांच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवणं बरं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणी भाजी, फोडणी यातली मेथी चालते, पण चमचे भरभरून पूड खाऊ नये. हरभरा किंवा शेंगदाण्याने ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांनीही जपून.

बाळंतिणीच्या मेथीच्या लाडवाबद्दल एक वाक्य. त्यात गूळ आणि तूप मेथीपेक्षा कितीतरी जास्त असतं. बाळंतिणीला ताकद म्हणून तो छान आहे. शुगरचं औषध म्हणून तो खाल्ला, तर मेथी साखर उतरवायच्या आधी गूळ ती चढवून मोकळा होईल.

आणि मोड आलेल्या मेथीची एक खरी घटना. २०११ साली जर्मनीत जुलाब आणि मूत्रपिंड निकामी होण्याची साथ आली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. शोध घेतला तेव्हा बोट गेलं मेथीच्या कच्च्या मोडांकडे. इजिप्तहून आलेल्या बियाण्यातून जंतू पसरले असावेत, असं तपासात निघालं. ऊब आणि ओल मिळाली की मोडांबरोबर जंतूही वाढतात. आपली मोडाच्या मेथीची उसळ शिजवूनच खायची रीत आहे. ती रीत सोडू नका, आणि गटातून मोड विकत असाल तर 'शिजवून खा' असं गिऱ्हाइकाला जरूर सांगा.

पाकिटावर काय लिहायचं

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. गटाने मेथीची पूड विकावी का? जरूर विकावी. चांगला दाणा घेऊन, निवडून, मंद भाजून, दळून विकली तर चार पैसे मिळतील. पण पाकिटावर 'शुगर बरी करते' लिहायचं नाही. १९५४ साली आपल्या देशात जादूटोण्यासारख्या औषधी जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. ज्या आजारांवर बरं करण्याचा दावा जाहिरातीत करायला मनाई आहे, त्यांच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. शिवाय २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार खाण्याच्या वस्तूबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात केली तर दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या गटाची वर्षानुवर्षांची बचत एका ओळीपायी जायला नको.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपलं पाकीट विकत घेणारी बाई आपल्यासारखीच असणार. तिने आपल्या शब्दावर गोळी सोडली तर?

म्हणून पाकिटावर साधं लिहावं: मेथीदाणा पूड, वजन, घटक, तयार केल्याची आणि किती दिवस वापरायची ती तारीख, गटाचं नाव-पत्ता, अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक. सोबत भाकरीच्या पिठात किती मिसळायची, थालीपिठात कशी घालायची, याची कृती छापली तर गिऱ्हाईक परत येईल.

येत्या बैठकीत तीन कामं करू या. पहिलं, गटाच्या वजनकाट्यावर आपापल्या घरातला चमचा मेथीने भरून मोजा, म्हणजे आपण किती ग्रॅम खातो हे नेमकं कळेल. दुसरं, तीस वर्षांवरच्या प्रत्येकीने आशाताईंना विचारून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या. तिथे ती विनामूल्य होते. तिसरं, ज्यांची गोळी चालू आहे त्यांची नावं नोंदवा, आणि दर महिन्याला हप्ता विचारतो तसंच विचारा, "गोळी चालू आहे ना?"

मेथी सहा हजार वर्षं माणसाच्या सोबत आहे. भाकरीत, भाजीत, उसळीत तिला भरपूर जागा द्या. गोळीची जागा मात्र गोळीलाच राहू द्या. पुढच्या आठवड्यात याच वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.